कै. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर : एक पुण्यस्मरण

आमचे दरेकसा हे गाव महाराष्ट्राच्या अगदी पूर्व सीमेवर, डोंगर आणि दाट अरण्य यांच्या कुशीत वसलेले आहे. गोंदियाहून दुर्गकडे निघालेली आगगाडी आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे टाकून येथे येते, आणि पुढे डोंगराच्या पोटातील बोगदा ओलांडून छत्तीसगडात प्रवेश करते. गावाजवळच कचारगडची विस्तीर्ण गुहा आहे. दरवर्षी माघ पौर्णिमेस तेथे देशाच्या निरनिराळ्या भागांतून गोंड बांधव लक्षावधींच्या श्रद्धेने जमतात. या गुहेविषयी त्यांच्यात एक कथा परंपरेने सांगितली जाते. गुहेत कोंडल्या गेलेल्या बालकांना हिरासुका नावाच्या वादकाने आपल्या किंगरीच्या सुरांनी बळ दिले, आणि त्या बळावर त्यांनी गुहेच्या तोंडावरची शिळा लोटून दिली, अशी ती कथा आहे. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूर हा केवळ करमणुकीचा विषय नसून अंधारात कोंडलेल्या जिवाला तो बाहेर काढू शकतो, हा तिचा आशय आमच्या मनात खोल रुजलेला आहे.

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा आपला प्रघात आहे. यंदा आम्ही गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र निवडले. पंडितजी आपल्या ज्ञातीचे नव्हते आणि आपल्या प्रांताच्या या भागातीलही नव्हते. मग त्यांचीच निवड का, असा प्रश्न काही ज्ञातिबांधव विचारतील. त्याचे कारण आमच्या घरातलेच आहे, आणि ते आम्ही लेखाच्या शेवटी सांगू. थोर पुरुषांना ज्ञातीच्या कुंपणात कोंडू नये, त्यांच्या चरित्रातील प्रकाश ज्याला लागेल त्याने घ्यावा, अशी आमची नम्र धारणा आहे.

पंडितजींचा जन्म दिनांक १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे पटवर्धन घराण्याचे एक लहानसे संस्थान होते. कुळाचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीकडील पलुस या गावावरून त्यांना पलुसकर म्हणू लागले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते. त्यामुळे अभंग, आर्या, साकी, दिंडी यांचे सूर आणि टाळमृदंगाचा नाद लहानग्या विष्णूच्या कानावर पाळण्यापासून पडत आला. त्या काळी कीर्तन ही गावाची शाळा होती, नाट्यगृह होते आणि देवालयही होते. एकाने उभे राहून निरूपण करावे, दोघाचौघांनी मागे राहून सूर धरावा, आणि सारे गाव समोर बसून त्यात मिसळावे, असा तो सोहळा असे. पुढे पंडितजींनी जे काही केले, त्याचे बीज आम्हांस या सामुदायिक गायनातच दिसते.

मुलगा हुशार होता. तो शिकून सवरून संस्थानात एखाद्या मानाच्या जागेवर बसेल, अशी आशा बाळगणे घरच्यांना सहज शक्य होते. परंतु एका क्षणात सारे पालटले. कुरुंदवाडच्या शेजारीच, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर, नरसोबाची वाडी हे दत्तक्षेत्र आहे, आणि त्या साऱ्या परिसरात दत्तजयंतीचा उत्सव मोठ्या थाटाने साजरा होतो. अशाच एका दत्तजयंतीस आतषबाजी चालू असता एक फटाका मुलाच्या तोंडाजवळ फुटला. चेहरा भाजला आणि डोळ्यांना गंभीर इजा झाली. जीव वाचला, परंतु दृष्टी कायमची अधू झाली. पुस्तकावरची अक्षरे दिसेनात, आणि शाळेचे दार बंद झाले.

आज आपण या घटनेकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्या काळी हा अपघात झाला, त्या काळी दृष्टिहीन मुलास शिक्षण देण्याची कोणतीही सोय आपल्या देशात नव्हती म्हटले तरी चालेल. अंधांसाठीची पहिली शाळा अमृतसर येथे सन १८८७ मध्ये निघाली, आणि मुंबईस तशी शाळा निघण्यास सन १९०० उजाडावे लागले. ज्याचे डोळे गेले त्याने घरच्या ओसरीवर बसून राहावे, फार तर जपमाळ ओढावी, आणि दुसऱ्याच्या दयेवर दिवस काढावेत, हीच रीत होती. त्या दहाबारा वर्षांच्या मुलाच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना ज्याने घरात असा प्रसंग पाहिला आहे त्यालाच येईल. शरीराची जखम वैद्य बांधतो. परंतु सवंगडी नदीवर जातात, पाटीदप्तर घेऊन शाळेत जातात, आणि आपण मागे राहतो, ही दुसरी जखम कोणास दिसत नाही, म्हणून तिला कोणी बांधीत नाही.

उपचारासाठी मुलाला मिरजेस आणण्यात आले. तेथील डॉक्टर भडभडे यांनी त्याच्या डोळ्यांवर शक्य ते इलाज केले. गेलेली दृष्टी पूर्ववत करणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु मुलाचा गळा गोड आहे आणि त्याला सुराची उत्तम समज आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. या मुलाला गाणे शिकवावे, असा सल्ला त्यांनी दिला. वैद्यकीच्या इतिहासात या सल्ल्याची नोंद कोणी केली नसेल. तथापि जे गेले त्याचा शोक करीत न बसता जे उरले आहे ते काय, याकडे घरच्यांचे लक्ष वळविणे, हाच त्या डॉक्टरांचा सर्वांत मोठा उपचार ठरला असे आम्हांस वाटते. मिरज संस्थानच्या अधिपतींनी आश्रय दिला, आणि मुलगा गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला.

बाळकृष्णबुवा हे महाराष्ट्रातील ख्यालगायनाचे आद्य प्रवर्तक होत. इचलकरंजीजवळील चंदूर येथे सन १८४९ मध्ये त्यांचा जन्म झाला. गाणे शिकण्याच्या ध्यासाने त्यांनी तारुण्यात घर सोडले, आणि अनेक हालअपेष्टा सोसून ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ती विद्या संपादन केली. पुढे ती विद्या दक्षिणेत आणून त्यांनी येथे शिष्यशाखा वाढविली. त्यांना दम्याचा विकार होता. ज्याची सारी कला श्वासावर उभी, त्यालाच श्वासाचे दुखणे! अशा गुरूच्या घरी एक अधू दृष्टीचा शिष्य यावा, यात आम्हांस मोठा योग दिसतो. शरीराने दगा दिला तरी विद्या दगा देत नाही, हे शिष्यास सांगण्याची गुरूला गरजच पडली नसावी. ते तो नित्य आपल्या कानांनी ऐकत होता.

मिरज गावाविषयीही येथे दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. तंबोरे आणि सतारी यांसाठी हे गाव साऱ्या भारतात प्रसिद्ध आहे. ही वाद्ये घडविणाऱ्यांचे पूर्वज मूळचे शिकलगार होते. तलवारी, भाले यांना धार लावणे हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना मागणी राहिली नाही, तेव्हा याच कारागिरांनी पंढरपूरकडील मोठे भोपळे आणून तंबोरे घडविण्यास आरंभ केला. ज्या हातांना लोखंडाची सवय त्याच हातांनी तारा जुळविल्या. एक वाट बंद झाली असता दुसरी शोधणाऱ्या माणसांच्या गावी हा मुलगा आला होता.

गुरुगृहीचे शिक्षण त्या काळी फार खडतर असे. पाणी भरणे, पाय चेपणे, पडेल ते काम करणे, आणि गुरूंच्या लहरीनुसार जो पाठ मिळेल तो जतन करणे, असा तो क्रम होता. चिजा लिहून देण्याची पद्धत नव्हती. तेव्हा ज्याला वाचता येते तो आणि ज्याला येत नाही तो, दोघेही या विद्येपुढे समान होते. शाळेत जो मुलगा मागे पडला असता तो येथे कोणाच्याही मागे पडला नाही. दिवसाचे कित्येक तास रियाज करून सुमारे दहाबारा वर्षांत त्याने आपला आवाज कमावला, आणि सन १८९६ मध्ये मिरज सोडले तेव्हा तो एक तयार गवई झाला होता.

मिरज सोडण्याच्या मुळाशी एक प्रसंग असल्याचे सांगतात. गावातील एका समारंभास प्रतिष्ठित मंडळींना आमंत्रणे गेली; विष्णु दिगंबरांनाही आमंत्रण होते; परंतु त्यांच्या गुरूंना नव्हते, कारण ते पडले गवई. संस्थानिकांचा आश्रय असलेल्या विद्वान गायकाची समाजात ही पत! हा अपमान शिष्याच्या जिव्हारी लागला. गाणे ऐकावयास सर्वांना हवे, परंतु गाणाऱ्याला पंक्तीस कोणी घेऊ नये, ही स्थिती पालटल्यावाचून राहावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला. ज्या मंडळींनी त्यांना अंधारातून उचलून आपल्यात घेतले होते, त्या मंडळींनाच समाज दाराबाहेर ठेवीत होता. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग पंडितजींनी शोधला, तो हाच.

नंतरची पाच वर्षे भ्रमंतीची होती. औंध, सातारा, बडोदे करीत ते सौराष्ट्रात गेले. राजवाड्यात बिदागीसाठी गाण्याऐवजी तिकीट लावून सर्वसामान्य लोकांसमोर जाहीर जलसा करण्याचा प्रयोग त्यांनी राजकोट येथे केला. गवयाने राजाच्या मर्जीवर जगू नये, ऐकणाऱ्या जनतेच्या आधारावर उभे राहावे, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. गिरनारच्या परिसरात एका साधुपुरुषाची भेट झाली, आणि उत्तरेकडे जाण्याची प्रेरणा मिळाली. ग्वाल्हेर, मथुरा, भरतपूर, अमृतसर असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषा आत्मसात केली आणि ध्रुपदाचाही अभ्यास केला. डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाने, परक्या मुलुखात, रेल्वेच्या गर्दीतून आणि धर्मशाळांतून तंबोरा सांभाळीत हा प्रवास केला, हे आपण विसरता कामा नये.

दिनांक ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. ही संस्था कोणा राजाची नव्हती. लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर ती चालावयाची होती. फी देऊन कोणीही यावे, ठराविक वेळी वर्गात बसावे, ठराविक अभ्यासक्रम पुरा करावा, परीक्षा द्यावी आणि प्रमाणपत्र घ्यावे, अशी व्यवस्था संगीतासाठी प्रथमच रूढ होत होती. ज्या विद्येसाठी आधी गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राबावे लागे, ती आता कारकुनाच्या मुलास आणि दुकानदाराच्या मुलासही मिळू लागली. गृहस्थाश्रमी माणसाने आवडीखातर गाणे शिकावे, पोटासाठी नव्हे, ही कल्पना या शाळेने मूळ धरविली. याखेरीज उपदेशक वर्ग म्हणून एक वेगळा वर्ग होता. त्यातील निवडक विद्यार्थ्यांस विद्यालयातच राहण्याजेवण्याची सोय असे, आणि त्यांनी शिक्षण पुरे करून पुढे शिक्षक व्हावे, अशी अट असे. पंडितजींची शिस्त कडक होती. पहाटे उठणे, व्यायाम, उपासना, रियाज यांत कसूर झालेली त्यांना खपत नसे. गवई म्हणजे व्यसनी, ही लोकांची समजूत त्यांना खोटी ठरवावयाची होती.

आता त्यांच्या कार्यातील आम्हांस सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. वर्गात अनेकांना एकदम शिकवावयाचे तर गाणे कागदावर उतरविणे भाग होते. पंडितजींनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धती तयार केली. स्वर कोणत्या सप्तकातील, शुद्ध की कोमल, तो किती मात्रा टिकवावयाचा, एका मात्रेचा अर्धा भाग की पाव भाग, हे सारे चिन्हांनी दाखविण्याची सोय त्यांनी केली. संगीत बालप्रकाशासारखी क्रमिक पुस्तके आणि रागवार चिजांचे संग्रह त्यांनी प्रसिद्ध केले, संगीतामृत प्रवाह नावाचे मासिक चालविले, आणि पुढे स्वतःचा छापखानाही काढला. ज्या मुलाच्या हातून फटाक्याने पुस्तक हिरावून घेतले, त्याने मोठेपणी इतरांच्या हाती गाण्याचे पुस्तक दिले. याच सुमारास पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही मुंबईस स्वरलेखनाचे व शास्त्रविवेचनाचे कार्य करीत होते. दोघांच्या पद्धती भिन्न, स्वभाव भिन्न आणि मतेही अनेक ठिकाणी भिन्न होती. परंतु आज खेड्यातील मुलगा पुस्तकावरून स्वर वाचून गातो, तो या दोन विष्णूंच्या पुण्याईवर.

येथे परदेशातील एका चरित्राची आठवण होते. फ्रान्स देशात लुई ब्रेल नावाचा एक मुलगा सन १८०९ मध्ये जन्मला. वडील खोगिरांचा व्यवसाय करीत. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या आरीने त्याच्या डोळ्यास जखम झाली, आणि पुढे दोन्ही डोळे गेले. त्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी शोधून काढली, आणि सन १८२९ मध्ये ती प्रसिद्ध करताना तिच्यात संगीताचे स्वरलेखनही समाविष्ट केले. कारण तो स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. दोघेही बालपणी डोळ्यांस मुकले, दोघांनाही गाण्यावाजविण्याच्या संगतीने सावरले, आणि दोघांनीही जगाला चिन्हे दिली. पंडितजींना ब्रेलचे चरित्र ठाऊक होते की काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. एकाच आघातातून दोन देशांत एकाच जातीचे फळ आले, एवढे आम्हांस पुरे आहे.

सन १९०८ मध्ये पंडितजींनी मुंबईस विद्यालय सुरू केले. येथे कार्याचा व्याप फार वाढला. स्त्रियांसाठी वर्ग निघाले. कुलीन घरातील मुलींनी उघडपणे गाणे शिकावे ही गोष्ट तेव्हा अनेकांस रुचत नव्हती, ती हळूहळू रुचू लागली. वाद्ये तयार करण्याचा कारखाना निघाला, संगीत परिषदा भरल्या, स्वतःची इमारत उभी राहिली. परंतु इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटेना. जलसे करून पैसा मिळवावा आणि तो विद्यार्थ्यांच्या अन्नावर खर्च व्हावा, असे चालले होते. अखेर सन १९२४ च्या सुमारास ती वास्तू लिलावात गेली. घरातील दुःखे तर त्याहून दारुण होती. त्यांची अपत्ये एकामागून एक मृत्युमुखी पडली. सन १९२१ मध्ये जन्मलेले दत्तात्रेय हे एकच पुत्र पुढे जगले.

बालपणीचा आघात डोळ्यांवर होता. हा आघात जन्मभराच्या श्रमांवर होता. तेव्हाही ते पुन्हा सुराकडेच वळले. नाशिक येथे त्यांनी सन १९२२ मध्ये रामनाम आधार आश्रम स्थापन केला होता. उत्तरायुष्यात भगवी वस्त्रे परिधान करून ते तुलसीदासांच्या रामायणावर प्रवचने करीत आणि हजारो लोकांकडून रामनामाचा गजर करवून घेत. दरबारी महफिलीच्या शिखरावर पोहोचलेला हा गायक अखेर वडिलांच्या कीर्तनाकडेच परत आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

राष्ट्रकार्यातही त्यांच्या आवाजाचा मोठा वाटा होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांच्याकडे असे. सन १९२३ मध्ये काकिनाडा येथील अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी या गायनास हरकत घेतली, तेव्हा व्यासपीठावरून ठामपणे आपले म्हणणे मांडून पंडितजींनी ते गीत पूर्ण गाऊन दाखविले. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात प्रार्थनेचे गायन सांभाळीत, आणि सन १९३० च्या दांडीयात्रेत तेही चालले. देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचलेली रामधुनीची चाल पंडितजींच्या परंपरेतूनच आली, असे मानले जाते.

दिनांक २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे पंडितजींचे देहावसान झाले. ज्या गावी डोळ्यांवरील इलाजासाठी त्यांना लहानपणी आणले होते, त्याच गावी त्यांनी देह ठेवला. मागे संपत्ती राहिली नाही. परंतु पंडित ओंकारनाथ ठाकूर, पंडित विनायकराव पटवर्धन, पंडित नारायणराव व्यास, प्रा. बा. र. देवधर यांच्यासारखे शिष्य राहिले. त्याच वर्षी या शिष्यवर्गाने गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. आजही त्या मंडळाच्या प्रवेशिकेपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा देशभर चालतात, आणि लहान लहान गावांतील मुलेमुली पेटी, तबला, गायन यांच्या परीक्षांस बसतात. पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांनी वडिलांच्या शिष्यांकडून ती विद्या घेतली आणि अल्पावधीत अलौकिक कीर्ती मिळविली. दुर्दैवाने सन १९५५ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षीच त्यांचे निधन झाले.

याच परंपरेतील आणखी एका गायकाचा उल्लेख येथे केला पाहिजे. प्रा. देवधरांचे शिष्य पंडित कुमार गंधर्व यांना ऐन पंचविशीच्या आत क्षयरोगाने गाठले. देवासच्या कोरड्या हवेत ते सुमारे सहा वर्षे अंथरुणास खिळून होते, आणि गाण्यास वैद्यांची मनाई होती. त्या काळात त्यांनी माळव्यातील लोकगीते कानांनी टिपली. एक फुफ्फुस निकामी झाल्यावरही सन १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत उभे राहिले. मात्र ते पूर्वीसारखे गाऊ लागले नाहीत. श्वास पुरेल तेवढेच स्वरवाक्य घ्यावयाचे, आणि त्यातच सारे सामर्थ्य ओतावयाचे, अशी नवी गायकी त्यांनी निर्माण केली. या उदाहरणातील बोध फार मोलाचा आहे. आघातानंतर माणूस आपल्या मंडळीत परत येतो तो जसाच्या तसा येत नाही. तो बदलून येतो. त्याला पूर्वीच्याच जागी, पूर्वीसारखाच पाहण्याचा हट्ट मंडळींनी धरला, तर तो आल्यापावली परत फिरतो.

आता आरंभी राहिलेले कारण सांगतो. आमच्या भजनी मंडळात पेटीची साथ करणारे एक ज्ञातिबंधू आहेत. त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही. आपण सर्व त्यांना ओळखता. धानाच्या मळणीच्या दिवसांत यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. जखम भरली, शेतीची कामे ते हळूहळू करू लागले, परंतु गुरुवारच्या भजनास येणे त्यांनी सोडले. आम्ही काही दिवस वाट पाहिली, मग एका तरुणास पेटीवर बसविले, आणि भजन पूर्ववत सुरू झाले. पुढे एका गुरुवारी कोणाच्या तरी ध्यानात आले की, ते देवळाबाहेर, अंधारात, चिंचेखालच्या दगडावर बसून ऐकत असतात, आणि आरती होण्यापूर्वीच उठून जातात. किती गुरुवार असे गेले, हे आम्हांस ठाऊक नाही. त्यांच्या घरी भेटावयास आम्ही गेलो होतो, दवाखान्यात पैशाची मदतही केली होती. परंतु तुमच्यावाचून आमचे अडते, ही एक गोष्ट त्यांना सांगावयाची आम्ही विसरलो. हा दोष आमचा आहे, आणि तो आम्ही या पानांवर कबूल करतो.

त्यानंतर मंडळातील वडीलधारे त्यांच्याकडे गेले. त्यांनी दयेचे शब्द काढले नाहीत. नव्या मुलाचा काळी चारचा सूर बरोबर लागत नाही, अभंगाच्या अंतऱ्यात तो चुकतो, त्याला शिकविणारे कोणी नाही, एवढेच त्यांना सांगितले, आणि ते खरेही होते. आता ते गुरुवारी येतात. पेटीजवळ बसतात. डाव्या हाताने भाता चालवितात, आणि उजवीकडे तो तरुण पट्ट्या दाबतो. कोठे चुकले की ते त्याच्या गुडघ्यावर हलकेच थाप मारतात. अजून ते स्वतः गात नाहीत. गळा त्यांचा चांगला आहे, हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे.

पंडित विष्णु दिगंबर यांच्या चरित्रातून आम्ही एवढेच शिकलो की, इजा झालेल्या माणसाला औषध देणारा एक लागतो, आणि त्याच्यात काय उरले आहे हे ओळखून त्याला वाट दाखविणारा दुसरा लागतो. पंडितजींच्या भाग्याने हे दोन्ही गुण एकाच डॉक्टरांच्या ठिकाणी एकवटले होते. आमच्या खेड्यात तसा योग नेहमी येणार नाही, म्हणून ते दुसरे काम ज्ञातिमंडळाने, भजनी मंडळाने, शेजाऱ्याने आपले मानले पाहिजे. प्रत्येक घरातून कोणी पलुसकर निघेल असे नाही, आणि निघावा अशी अपेक्षाही नाही. परंतु अपघाताने, आजाराने किंवा वार्धक्याने मागे राहिलेला आपला माणूस बाहेर अंधारात बसून आपले भजन ऐकत नाही ना, एवढे प्रत्येक गुरुवारी दारात डोकावून पाहणे आपल्या हातचे आहे. तसेच दिवाळीस आणि उत्सवांस मुलांच्या हाती फटाके देताना वडीलमंडळींनी कुरुंदवाडच्या त्या मुलाची आठवण ठेवावी, अशीही आमची सविनय सूचना आहे.

गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पुण्यस्मृतीस आम्हां सर्व ज्ञातिबांधवांचे विनम्र अभिवादन असो. इति शम्.